लोणारचं गोलघर आणि आमची गोधडी

आमच्या घाटाखालच्या माणसाला घाटावर जायला दोनच कारणं असतात. एक सोयरीक, दुसरं देव. मी गेले ती माझ्या जावेला पोचवायला. परत आल्यापासून गल्लीतल्या बाया विचारून विचारून माझं डोकं उठवतात, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आहे. म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पाहिलं ते लिहीन, आणि कळलं नाही ते कळलं नाही असं लिहीन.

जावेचं नाव द्वारका. मी थोरली, ती धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेले. पोरं आपापल्या ठिकाणी. नांदुऱ्याजवळच्या घरात आम्ही दोघी उरलो. द्वारका पुष्कळ वर्षं जिनिंगात कामाला होती. कापसातली सरकी काढायचा कारखाना तो. तिथं शेजारी उभ्या बाईशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागे. त्या आवाजात तिचे कान हळूहळू गेले. पोरीनं कानाचं मशीन घेऊन दिलं. ते लावलं की ताट पडल्याचा आवाज तिला खिळा ठोकल्यासारखा लागे, आणि माणसाचं बोलणं मात्र गढूळच राही. तिनं ते डब्यात घालून फळीवर ठेवून दिलं.

बहिऱ्या माणसाशी सगळं ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून बोलता येतील अशा गोष्टी थोड्याच असतात. जेव. झोप. दार लाव. दूध उतू चाललं. बाकीचं बोलणं आमच्यात आपोआप बंद पडलं. मायेचं काही ओरडून सांगता येत नाही. ते भांडणच वाटतं, आणि शेजारणीची खिडकी उघडते.

गेल्या दिवाळीला द्वारकाची मुलगी सुनंदा जालन्याहून आली आणि म्हणाली, आई आता कायमची माझ्याकडे. द्वारकानं मान हलवली. ती हल्ली कशालाही मान हलवते. मी काय बोलणार, ओरडून?

सुनंदाची मुलगी रेवती पुण्यात आवाजाचं शिकलेली आहे. आवाजाचंही शिक्षण असतं, हे मला तिच्यामुळं कळलं. तिचा आणि तिच्या मित्रमैत्रिणींचा मार्गशीर्षात लोणारला कार्यक्रम होता. ठरलं असं की मी द्वारकाला लोणारपर्यंत न्यायचं, दोघींनी कार्यक्रम बघायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा गाडी घेऊन येईल आणि तिला जालन्याला नेईल. मी एकटी परत.

नांदुरा ते मेहकर

सामान काही नव्हतं. द्वारकाची एक पिशवी आणि एक गोधडी. ही गोधडी तिनंच शिवलेली. सासूचं लुगडं, माझी दोन, तिची दोन, वर माझ्या मुलाच्या बाळंतपणातलं दुपटं. जाड इतकी की दोन हातांनी उचलावी लागते. ती म्हणाली, "राहू द्या बाई, तिथं गाद्या हायेत." मी ऐकलं नाही. गादी असली म्हणून काय झालं. आपल्या अंथरुणाचा वास वेगळा.

खामगाव सोडलं की गाडी घाटाला लागते आणि माणूस बदलतो. खाली आमच्याकडं काळीभोर जमीन, विहिरीला खारट पाणी, नजर जाईल तिथवर सपाट. वर आलं की टेकड्या, पळस, बांधाला दगड. तुरी कापून झाल्या होत्या. हरभरा हिरवागार होता. द्वारका खिडकीला तोंड लावून बसली होती. तिला गाडीचा खडखडाट नाही, कंडक्टरची घंटी नाही, मागच्या बाईचं रडकं पोर नाही. मला वाटलं, बरं आहे हिचं. मग वाटलं, बरं कसलं.

मेहकरला गाडी बदलायची होती. मी तिला बाकावर बसवलं, हातानं खूण केली, इथंच थांब. चहा घेऊन आले तर बाक रिकामा. गोधडी नाही, पिशवी नाही, द्वारका नाही.

माणूस हरवलं की आपण काय करतो? हाक मारतो. माझ्या तोंडापर्यंत तिचं नाव आलं आणि तिथंच थांबलं. उपयोग काय? दोन्ही हातात चहाचे कागदी पेले घेऊन मी स्टँडभर पळत होते. निम्मा चहा माझ्या लुगड्यावर. एका चौकशीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पुकारतो ना आजी, नाव सांगा." मी म्हणाले, "बाबा, ती बहिरी हाय. तू पुकारशील न् आख्खा मेहकर ऐकील, तिले सोडून."

शेवटी वाशीमच्या गाडीत सापडली. लोक पळताना दिसले म्हणून तीही पळाली होती. गाडी सुटायच्या बेतात होती. ही खिडकीशी बसली होती, आणि शेजारच्या जागेवर गोधडी ठेवून एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याशी भांडत होती.

"कोणी बसू नका म्हणतो ना! माही जाऊ येऊन राह्यली!"

मला बघून म्हणाली, "या बाई. तुमच्यासाठी जागा धरली."

मी तिला हाताला धरून खाली उतरवलं. म्हातारा ताबडतोब बसला. ती रागावली. "इतकी चांगली जागा काऊन सोडली?" आता हे सगळं तिला ओरडून कसं समजावू? मी उरलेला चहा तिच्या हातात दिला. "गार हाय," म्हणाली आणि प्याली.

लोणार

लोणारला रेवती स्टँडवर आली होती. पायात मोठे बूट, केस कापलेले, गळ्यात कानाला लावायचं यंत्र. द्वारकाला तिनं मिठीच मारली. आमच्यात अशी रीत नाही, पाया पडतात. पण द्वारकाला बरं वाटलं असावं, कारण तिनं पोरीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हाडं लागून राह्यली माह्या हाताले."

आधी तिनं आम्हाला सरोवर दाखवलं. आकाशातून दगड पडून झालेला खड्डा, असं सांगतात. काठावरून खाली बघितलं तर झाडीच्या कडीत हिरवं पाणी, ताटात कढी वाढावी तसं. वास जरा कुबट. काठाखाली जुनी देवळं आहेत, तिकडं मी उतरले नाही. उतरलेलं चढावंही लागतं. पाणी खारट आहे म्हणून रेवती कौतुकानं सांगत होती. मी म्हणाले, "खारट पाणी पाह्याले इथपर्यंत काऊन यावं? आमच्या विहिरीवर ये." पोरगी हसली.

मग तिनं वायरीला बांधलेलं एक कांद्याएवढं काळं काही दाखवलं. ते पाण्यात सोडायचं, म्हणजे पाण्याच्या आतलं ऐकू येतं. तिनं ते कालच सोडून ऐकून ठेवलं होतं. माझ्या कानाला यंत्र लावलं. मला वाटलं, पाण्यात काय ऐकायचं असतं? पण होतं. फुटाणे भाजल्यासारखं तडतड, मध्येच कोणी लांब श्वास सोडल्यासारखं. त्या पाण्यात मासे राहत नाहीत म्हणतात. मग हे कोण बोलत होतं? रेवतीलाही नक्की माहीत नव्हतं. "ते शोधायचंच तर काम आहे, मोठी आजी," म्हणाली. माहीत नाही असं सरळ सांगणारं शिकलेलं माणूस मला आवडतं.

पोरीनं ते यंत्र द्वारकाच्याही कानाला लावलं. द्वारका थोडा वेळ मान खाली घालून उभी राहिली. मग काढून परत दिलं.

"चांगलं हाय," म्हणाली.

ती सगळ्यालाच चांगलं हाय म्हणते. बहिऱ्या माणसाची ती सवय. समोरच्याचं तोंड हललं की हसायचं, आणि चांगलं हाय म्हणून मोकळं व्हायचं. रेवतीला ते कळलं नाही. तिचा चेहरा खुलला. मी दुसरीकडे बघितलं.

आमची उतरायची सोय एका घरी होती. घरमालकीणबाईनं येसराची आमटी आणि भाकर वाढली. येसर म्हणजे धान्य-मसाले भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडं पाहुणा आला की वरण आणि रोडगे. येसर आम्ही करत नाही. पण चांगली होती, मी दोनदा घेतली. बोलणं तिचं आमच्यासारखं नाही. आम्ही 'मले' म्हणतो, ती 'मला' म्हणते. द्वारका तिलाही चांगलं हाय म्हणाली. आमटीच्या बाबतीत ते खरं होतं.

गोलघर

कार्यक्रम गावाबाहेर कापसाच्या एका जुन्या गोदामात होता. दारावर इंग्रजी पाटी होती. गावातली पोरं त्याला गोलघर म्हणत होती, कारण आत काळ्या कापडाची गोल भिंत केली होती. माणसं मध्ये बसणार आणि सगळ्या बाजूंनी, वरूनसुद्धा, स्पीकर. खाली गोदामाच्या फरशीवर लाकडी फळ्यांची नवी जमीन. चपला बाहेर काढायच्या.

आत जाताना रेवती म्हणाली, "मोठी आजी, आत नुसत्या फळ्यांवर बसायचं हं. खाली काही घ्यायचं नाही." तिला दुसऱ्या कोणी हाक मारली आणि ती पळाली.

नुसत्या फळ्यांवर! मार्गशीर्षातली थंडी, संध्याकाळची वेळ, आणि द्वारकाच्या कमरेचं काय? आमच्याकडं आलेल्या माणसाला नुसत्या जमिनीवर बसवत नाहीत. भांडायला आला तरी आधी सतरंजी टाकतात, मग भांडतात. शहरात राहून पोरं हे विसरतात. मी गोधडी बरोबर घेतलीच होती. आत अंधार होता. चांगली दुहेरी घडी घातली, द्वारकाला बसवलं, कडेला मी बसले.

मग दिवे गेले.

मी जे ऐकलं ते सांगते. आधी पाणी. सरोवरावर ऐकलेलं ते तडतडणारं पाणी, पण आता ते माझ्या चारी बाजूंनी होतं. कापडावर हिरवा उजेड हलायला लागला. डोक्यावरून पारव्यांचा थवा गेला आणि मी मान खाली घातली. पारवे नव्हते. नुसता आवाज होता, पण तो डावीकडून उजवीकडे उडत गेला. मागं कोणीतरी विहिरीत बादली टाकली. मी वळून बघितलं, मागं एक पोरगा मांडी घालून बसलेला. एक मुलगी माणसांमधून हळूहळू फिरत होती, नाचत होती म्हणावं तर नाचत नव्हती. वाऱ्यावर ज्वारीचं ताट डोलतं तशी. मग लांबून मालगाडी आली. नांदुऱ्याच्या माणसाला मालगाडीचं काय कौतुक? रोजचीच. पण ही अंगावरून गेली. आजूबाजूच्या लोकांनी एकदम श्वास घेतला. एक बाई "आई गं" म्हणाली आणि हात खाली टेकवले. मला वाटलं, हिला इतकं काय झालं?

त्या सगळ्यात मी द्वारकाकडे बघितलं. हिरव्या उजेडात ती पाटावर बसवलेल्या मूर्तीसारखी बसली होती. हात मांडीवर. सगळे दचकत होते, हसत होते, माना वळवत होते. ती त्यांच्या तोंडांकडे बघत होती. ते हसले की मागाहून हसत होती.

मला तिथं बसवेना. असल्या जागी तिला कशाला आणलं? लंगड्या माणसाला शर्यत बघायला न्यावं तसं झालं.

बाहेर आल्यावर रेवती धावत आली. तिचे डोळे चमकत होते. आजीचे दोन्ही हात धरले आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "आजी, कसं वाटलं?"

"चांगलं होतं," द्वारका म्हणाली.

मी रेवतीला बाजूला घेतलं. "काऊन थट्टा करतं म्हातारीची? तिले काय समजलं त्याच्यातलं? अंधारात बसवलं न् अंधारातच ठेवलं."

पोरीचं तोंड उतरलं. "काहीच नाही जाणवलं तिला? मालगाडीपण नाही?"

"कानच नाहीत तर काय जाणवीन?"

"मोठी आजी," ती म्हणाली, "हे सगळं तिच्यासाठीच केलं होतं गं."

"तिच्यासाठी केलं असतं तर एक खुर्ची तरी ठेवली असती."

हे मी म्हणाले. चिडले होते. पोरगी आत गेली. द्वारका आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. कोण काय म्हणालं ते तिला कळलं नाही, पण आपल्यामुळं काहीतरी बिघडलं हे तिला बरोबर कळलं. खोलीवर येईपर्यंत तिनं मान वर केली नाही. आणि त्या गडबडीत गोधडी आतच राहिली.

दुसरा दिवस

सकाळी चहा झाला. दुपारी सुनंदा येणार होती. द्वारकानं पिशवी बांधून दाराशी ठेवली होती. मी म्हणाले, म्हणजे ओरडले, "गोधडी आणू चाल!" जालन्याला जाणारी गोधडी विसरून चालणार नव्हतं.

गोलघराचं दार उघडं होतं. आत रेवती एकटीच खाली बसून वायरी बघत होती. काहीतरी चालू करून तपासत होती. मला बारीक घरघर ऐकू आली. दिवसाच्या उजेडात ती जागा साधीच दिसत होती. काळं कापड, फळ्या, मध्ये आमची गोधडी आदल्या दिवशी टाकली तशीच. माझ्याकडे बघून रेवतीनं मान खाली घातली.

द्वारकानं चपला काढल्या आणि गोधडी उचलायला निघाली.

दोन पावलं गेली आणि थांबली.

मला वाटलं, पायात काही रुतलं. ती खाली बघत होती. एक पाय उचलला, परत ठेवला. मग दुसरा. मग हळूच खाली बसली, नुसत्या फळ्यांवर, आणि दोन्ही तळवे जमिनीला लावले. परातीत भाकर थापताना लावतो तसे, बोटं पसरून.

"बाई," ती म्हणाली, "हे चालू हाय."

रेवती उठून उभी राहिली. तिनं आधी द्वारकाकडे बघितलं, मग मधल्या गोधडीकडे, मग माझ्याकडे.

"मोठी आजी. काल तुम्ही ह्याच्यावर बसला होतात?"

मग पोरीनं मला एक फळी उचलून दाखवली. खाली वाटीएवढे गोळे स्क्रूनं बसवलेले होते. ते स्पीकरच, पण आवाज हवेत सोडत नाहीत, लाकडाला देतात. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलं की गिरणी पायात येते ना, तसं, म्हणाली. कालचा सगळा कार्यक्रम, पाणी, पारवे, मालगाडी, फळ्यांतून येत होता. निम्म्यापेक्षा जास्त कार्यक्रम खालूनच होता. आजीला आधी सांगितलं नाही, कारण तिला ते अचानक सापडावं अशी इच्छा होती. तिच्या आणि आजीच्या मध्ये मी पाच लुगडी आणि एक दुपटं घालून ठेवलं होतं.

मी गोधडी उचलली, घडी केली आणि काखेत धरली. "मंग सांगाव ना नीट," एवढं म्हणाले. पोरीनं सांगितलं होतं, हे मला चांगलं आठवत होतं.

रेवतीनं कार्यक्रम पुन्हा लावला, आम्हा तिघींसाठी. या वेळी मीही फळ्यांवर बसले. थंड होत्या. पाणी आलं ते मुंग्या आल्यासारखं. पारवे आले ते बोटांच्या टोकांनी कोणी ताल धरावा तसे. मालगाडी आली तेव्हा माझी हाडं मोजून गेली. द्वारका हसली. या वेळी कोणाचं तोंड न बघता.

"मालगाडी," म्हणाली. "भरेल हाय, रिकामी नाही."

मग एक आवाज आला जो काल मला नीट ओळखता आला नव्हता. दणदण, त्याच्या आत सतत घरघर, आणि त्याच्या आत आणखी काही फिरणारं. मी ऐकत होते तोपर्यंत द्वारकाचा हात वर गेला. तिनं पदर ओढला आणि नाकातोंडावर घट्ट धरला. जिनिंगात कापसाचा भुरा उडतो, तो नाकात जाऊ नये म्हणून बाया असा पदर धरतात. एवढी वर्षं झाली, हात आपोआप गेला. तिच्या लक्षातही आलं नसावं. पदरावर नुसते डोळे दिसत होते, आणि ते कोणाला तरी शोधत होते. मला वाटतं, शेजारच्या मशीनवरच्या बायांना.

रेवती तोंडावर हात घेऊन कोपऱ्यात उभी होती. हा आवाज तिनं नांदुऱ्याला येऊन, आम्हाला न सांगता, टिपून नेला होता.

तो थांबला तेव्हा द्वारकानं पदर सोडला. चांगलं हाय म्हणाली नाही. हातही जमिनीवरून काढले नाहीत.

मग रेवती माझ्याजवळ आली. तिच्या हातात माईक होता. म्हणाली, "मोठी आजी, ह्याच्यात बोललं की फक्त जमिनीत जाईल. वरचे स्पीकर मी बंद केलेत. बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही, मीपण बाहेर जाते. तू आजीशी बोल."

"शब्द समजतीन तिले?"

"नाही. शब्द नाही कळणार."

"मंग काय फायदा?"

"बघ ना बोलून," म्हणाली, आणि दार ओढून गेली.

मी माईक हातात धरून बसले. द्वारका माझ्यासमोर, तळवे टेकून, वाट बघत. मी आयुष्यात माईकवर बोलले नव्हते. पण त्याहून मोठी अडचण ही की कितीतरी वर्षांनी मला तिच्याशी हळू बोलायचं होतं, आणि मला ते जमेना. पहिला शब्द ओरडूनच आला. ती दचकली. जमीन जोरात हादरली असणार.

मग हळू बोलले. आधी पत्र्याचं बोलले, की मागचा पत्रा गळतो तो उन्हाळ्यात बदलायला पाहिजे. मग मला टायफॉइड झाला होता तेव्हा तू माझ्या उशाशी बसून राहायचीस, ते मी कधी काढलं नाही, पण विसरले नाही, हे बोलले. तू केलेल्या भाकरी माझ्यापेक्षा चांगल्या असतात, हेही बोलून टाकलं. तिला ऐकू येत असतं तर हे बोलले नसते. मग म्हणाले, एका माणसासाठी चूल पेटवायची सवय मला नाही. घर खायला उठेल. द्वारके, जाऊ नको.

बोलून झालं. माईक खाली ठेवला. तिनं तळवे तसेच ठेवले, थोडा वेळ, जणू अजून काही यायचं आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हणल्या?"

दार फटीएवढं उघडं होतं. मला आता ओरडून सांगावं लागणार होतं. आणि ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"पिठलं खाशील काय म्हणलं!" मी ओरडले.

द्वारकानं मान हलवली. होकाराची नाही, नकाराची.

"पिठल्याचं बोलणं इतकं लांब नसते, बाई."

परत

सुनंदा दुपारी आली, गाडी आणि ड्रायव्हर घेऊन. आईसाठी गाडीत उशी, पाण्याची बाटली, सोललेली संत्री. चांगली पोर आहे. तिच्या घरी द्वारकाला काही कमी पडलं नसतं, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. तीस वर्षं जालन्यात राहून तिचं बोलणं पार तिकडचं झालं आहे.

"चल आई. बॅग कुठंय?"

द्वारका पायरीवर बसली होती, चपला काढून. "यंदा नाही येत," म्हणाली.

सुनंदाला वाटलं, आईला समजलं नाही. ती वाकून मोठ्यानं म्हणाली, "आई, जालन्याला! घरी!"

"समजलं मले. संक्रांतीले येतो. चार दिवस राहीन. मंग परत."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं का कसलं. "मोठ्या आईनं काही सांगितलं का तुला?"

"हाव," द्वारका म्हणाली. "लय वेळ सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मले काय ऐकू येते?"

रेवतीला हसू आवरेना. सुनंदा आधी पोरीवर चिडली, मग आईवर, मग ड्रायव्हरवर. शेवटी पायरीवर आईशेजारी बसली आणि दोघींनी संत्री खाल्ली. जाताना ती मला म्हणाली, "तू तिला बांधून ठेवलंस." मी म्हणाले, "तुह्या मायले कोणी बांधू शकते काय? मेहकरले दोन मिनिटं बसवलं तं वाशीमले चालली होती."

परतीच्या गाडीत द्वारकानं पुढची जागा धरली, इंजिनाजवळची, जिथं कोणी बसत नाही. मी म्हणाले, इथं डोकं उठेल. तिनं चपला काढल्या आणि दोन्ही पाय पत्र्यावर ठेवले. घाट उतरताना ड्रायव्हर गिअर बदलायचा आणि तिची बोटं हलायची. गोधडी तिनं मला दिली. "तुम्ही घ्या बसाले. मले नको."

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. गोलघर लोणारहून हललं, कुठं गेलं मला माहीत नाही. आमच्याकडं फळ्यांची जमीन नाही, शेणानं सारवलेली आहे, तिच्यातून काही येत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलो की द्वारका माझ्या पाठीवर हात ठेवते, खांद्याच्या खाली, मध्यभागी. मग मी बोलते, माझ्या नेहमीच्या आवाजात. पूर्वीपेक्षा जरा जास्तच बोलते. तिला काय मिळतं ते मी विचारत नाही. शेजारीण विचारते, हे काय चाललंय? मी म्हणते, पाठ दुखते.

परवा तसाच हात होता. मी काही काही बोलत होते, मध्ये म्हणाले, पिठलं करू काय?

"हाव," द्वारका म्हणाली. "करा."

आमच्याकडं रोज पिठलंच असतं. ओळखायला काय लागतं? तरी मी उठले ते जरा लवकरच उठले.